इम्प्लांटचं इन्फेक्शन कोड करताना

मी पुण्यात बसून अमेरिकी रुग्णालयांचे सर्जरीचे चार्ट तपासते. चार्टमधलं निदान आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी यादीतल्या कोडांत लिहितो तो कोडर; विम्याच्या क्लेमवर हेच कोड जातात. ब्रेस्ट इम्प्लांटच्या चार्टवर नव्या कोडरांचे जे एरर निघतात, त्यातले बहुतेक एकाच घाईतून येतात. ‘इन्फेक्शन’ शब्द दिसला की कोड टाकून मोकळे! नेमकं काय पिकलंय, वरची टाक्यांची जखम की आत इम्प्लांट ठेवलेली जागा (पॉकेट), हे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून डिस्चार्ज समरीच्या आधी ऑपरेटिव्ह नोट उघडा.

समजा, चार्ट असा आहे. कॅन्सरमुळे उजवा स्तन काढला, त्याच वेळी टिश्यू एक्स्पांडर, म्हणजे पुढच्या इम्प्लांटसाठी त्वचा हळूहळू ताणणारी पिशवी, बसवला. काही आठवड्यांनी ताप आणि लाली घेऊन बाई परत आली. सर्जनने पॉकेट उघडलं, गढूळ पाणी निघालं, ते कल्चरला, म्हणजे जंतू शोधण्याच्या तपासणीला, पाठवलं, एक्स्पांडर काढला, पॉकेट धुऊन ड्रेन ठेवला. कल्चरमध्ये एमआरएसए, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू, आला. शेवटचं निदान सर्जनने स्पष्ट लिहिलंय: एक्स्पांडरचं एमआरएसए इन्फेक्शन.

इथे पहिला कोड टी८५.७९एक्सए. स्तनाच्या इम्प्लांटच्या इन्फेक्शनसाठी वेगळा कोड नाही, ‘इतर अंतर्गत प्रोस्थेटिक साधनं’ या गटातच ते बसतं. मूळ कोड पाच अक्षरी आहे आणि ‘ए’ सातव्या जागेवर हवा, म्हणून सहाव्या जागेवर एक्स. तो गाळलात तर कोड अवैध ठरतो. त्यामागे जंतूसाठी बी९५.६२, कारण टी८५.७ खालीच जंतूचा किंवा इन्फेक्शनचा जादा कोड द्या अशी सूचना आहे. मग इम्प्लांट बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी वाय८३.१. टी८५.७९ मध्ये उजवं-डावं नाही, त्यामुळे स्तन काढल्याचा झेड९०.११ टाकला की बाजूही नोंदली जाते. कॅन्सरचा उपचार पूर्ण झाला असेल तर झेड८५.३, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास; केमो अजून चालू असेल तर तो इतिहास नाही, स्तनाच्या कॅन्सरच्या सी५० मधलाच कोड.

हे झेड कोड ‘टाकले तर टाकले’ असे समजू नका. अमेरिकेत १९९८ च्या एका कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेला पुनर्रचनेचा आणि त्यातल्या गुंतागुंतीचाही खर्च द्यावा लागतो. ही बाई कॅन्सरमधून आलेली आहे हे क्लेमवर दिसलंच नाही, तर तिचं ऑपरेशन हौसेचं समजलं जाऊ शकतं. आजारातून उठलेल्या बाईला विमा कंपनीशी पत्रव्यवहार करत बसावं लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

आता दुसरी शक्यता. नोटमध्ये लिहिलंय की टाक्यांची कड लाल आहे, वरवर पू आहे, इम्प्लांटचं पॉकेट कोरडं आणि स्वच्छ आहे. मग टी८१.४१एक्सए, म्हणजे वरवरच्या शस्त्रक्रियेच्या जागेचं इन्फेक्शन. खोल थरांत गेलं असेल तर टी८१.४२एक्सए. १ ऑक्टोबर २०१८ पासून टी८१.४ असा खोलीप्रमाणे फोडला आहे. आणि एन६१, म्हणजे स्तनाच्या दाहाचा कोड? तो एकटा पहिला टाकलात तर इम्प्लांटचा मागमूसही उरत नाही. सर्जनने गळू म्हटलं असेल तर एन६१.१ इम्प्लांटच्या कोडमागे येऊ शकतो, पुढे नाही.

सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीरावर झालेला गंभीर परिणाम) लिहिलं असेल आणि त्याचं मूळ इम्प्लांट असेल, तर टी८५.७९एक्सए आधी, मग सेप्सिससाठी ए४१ मधला कोड, आणि त्यामुळे अवयव निकामी होत असल्याची नोंद असेल तर आर६५.२ मधलाही.

सगळ्यात जास्त वेळ मी द्यायला लावते तो संबंधाला. शस्त्रक्रियेनंतर झालं म्हणजे शस्त्रक्रियेमुळे झालं, असं कोडरने ठरवायचं नाही. गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की कार्यकारणभाव डॉक्टरांनी नोंदवलेला हवा. लाली आणि अँटिबायोटिक एवढ्यावर इन्फेक्शन बनवू नका. त्वचेचं मॅट्रिक्स (पेशी काढून टाकलेल्या त्वचेचा आधाराचा तुकडा) वापरलेल्या पुनर्रचनेत जंतूविना लाली येते, हे सर्जनना चांगलं ठाऊक असतं. शंका आली की डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवा, पण उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. ‘हे इम्प्लांटचं इन्फेक्शन ना?’ असं विचारायचं नाही. ताप, गढूळ पाणी, कल्चरचा निकाल असे चार्टमधले पुरावे मांडा आणि पर्याय द्या: इम्प्लांटचं इन्फेक्शन, जखमेचं इन्फेक्शन, इन्फेक्शन नाही, इतर, सांगता येत नाही. ‘बहुधा इन्फेक्शन’ एवढंच असेल तर डिस्चार्जच्या वेळी तसं लिहिलेल्या भरती रुग्णाला ते असल्यासारखं कोड होतं, ओपीडीत होत नाही.

इन्फेक्शन नसून इम्प्लांटच बिघडला असेल तर टी८५.४ कडे या: फुटला तर टी८५.४१, सरकला तर ४२, गळतोय तर ४३, भोवतीचं आवरण आवळलं तर ४४. इन्फेक्शन आणि आवळलेलं आवरण दोन्ही नोंदवलं असेल तर दोन्ही कोड द्या. इम्प्लांटभोवती पाणी साचलंय आणि पॅथॉलॉजीत इम्प्लांटशी जोडलेला अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिंफोमा (एक प्रकारचा कॅन्सर) निघाला, तर तो या गटातला मुळीच नव्हे. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याला सी८४.७ए आहे.

सातव्या अक्षराचा गोंधळ फार होतो. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे, त्या गुंतागुंतीवर सक्रिय उपचार चालू असणं. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे तोवर दुसऱ्या डॉक्टरकडेही ‘ए’च. नुसती भरत आलेली जखम बघायला आली तर ‘डी’. झेड९८.८२, म्हणजे इम्प्लांट असल्याची नोंद, टी८५ सोबत देऊ नका. टी८५ मध्येच ते आलं. तसंच गुंतागुंतीसाठी इम्प्लांट काढला तर झेड४५.८१ नाही, तो इम्प्लांट ठरवून, गुंतागुंत नसताना काढायला आल्यावर.

आणि काही महिन्यांनी, सगळं भरून आल्यावर, तीच बाई पुन्हा पुनर्रचनेसाठी आली तर जुना टी कोड ओढत आणू नका. त्या भेटीचं कारण झेड४२.१.