पहिली पेंढी देवाची

पवित्र शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात इस्राएलाच्या शेतकऱ्याला एक आज्ञा आहे. कापणी लागली की पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, आणि ती अर्पण होईपर्यंत नव्या धान्याची भाकर किंवा हुरडा तोंडाला लावायचा नाही. बाकीचे पीक तेव्हा शेतात उभेच असायचे. किती पोती होतील ठाऊक नाही, तरी पहिली पेंढी द्यायची.

हे चित्र डोळ्यांसमोर असले की ‘पहिल्याने देवाचे राज्य मिळवण्यास झटा’ या येशूच्या वचनातला (मत्तय 6:33) ‘पहिल्याने’ हा शब्द नीट कळतो. उरलेले देवाला द्यायला कोणाची ना नसते. अडचण ही की रात्री अकरा वाजता काही उरतच नाही. म्हणून रोज काय बाजूला काढायचे आणि कधी, हे आधी ठरवावे लागते.

सकाळची वीस मिनिटे

तयारी आदल्या रात्रीची. पवित्र शास्त्रात उद्याच्या अध्यायावर खूण घालून ठेवा. शेजारी वही, पेन, चष्मा. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उठायला साधे गजराचे घड्याळ वापरा. गजर फोनवर असला की तो बंद करता करता रात्रीचे मेसेज दिसतात आणि दिवसाचा पहिला शब्द ग्रुपवरच्या कोणाचा तरी होतो. तिथे आलेले वचनाचे चित्र पुढे पाठवणे म्हणजे वचन वाचणे नव्हे, हेही इथेच सांगितलेले बरे.

वेळ घराच्या घडीला धरून ठरवा. नळाला साडेपाचला पाणी येत असेल तर सव्वापाचला बसू नका, सगळे लक्ष नळाकडे राहते. पाणी भरून मग बसा. रात्रपाळीच्या नर्सची किंवा पोलिसाची ‘सकाळ’ दुपारी दोनला झाली तरी चालेल, उठल्यावरची पहिली वेळ ती पहिली वेळ. घरात लहान मूल असेल तर नवरा-बायकोने पाळी लावावी. एकाची एकांत प्रार्थना रोज दुसऱ्याच्या झोपमोडीवर उभी राहत असेल, तर ती पेंढी दुसऱ्याच्या शेतातली आहे.

वीस मिनिटांची विभागणी अशी: दोन मिनिटे स्तब्ध बसणे, आठ मिनिटे वाचन, तीन मिनिटे वही, सात मिनिटे प्रार्थना. वाचन मोठ्याने करा, निदान पुटपुटत. नुसते डोळे फिरवले की तिसऱ्या ओळीला मन ऑफिसात पोहोचते. वहीत एकच ओळ लिहा: आज या उताऱ्यामुळे मी नेमके काय करणार. ‘प्रेमाने वागेन’ असे लिहू नका. ‘शेजारच्या काकूंची औषधे आणून देईन’ असे लिहा, म्हणजे रात्री ते झाले की नाही हे तपासता येते.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा, सोळाच अध्याय आहेत. उत्साहाने 1 जानेवारीला उत्पत्ती उघडून रोज तीन अध्याय वाचणारा बरोबर 31 तारखेला लेवीयात, होमार्पणाच्या नियमांत शिरतो, आणि पुष्कळांचे वाचन तिथेच थांबते. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच घेतले तर बावन्न आठवड्यांत तो पूर्ण होतो; शनिवार मागचे पुन्हा वाचायला मोकळा, आणि रविवारी मंडळीत ऐकायचे. मार्काचा चौदावा अध्याय 72 वचनांचा आहे, असे अध्याय दोन दिवसांत घ्या. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतले भाषांतर घ्यायला संकोच करू नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून जे भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायांना कळावे म्हणूनच.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तेव्हा स्तोत्रे घ्या. 150 स्तोत्रे आहेत. आजची तारीख आणि त्यात तीस-तीस मिळवत गेलात की पाच आकडे मिळतात. 7 तारखेला 7, 37, 67, 97, 127. पाचांपैकी आजच्या मनाला लागेल ते एक निवडा आणि तेच देवाला बोलून दाखवा. 29 तारखेच्या यादीत 176 वचनांचे 119 वे येते, ते 31 तारखेसाठी राखून ठेवा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. थकबाकी साठत जाते आणि आठवड्याभरात माणूस पुस्तक उघडायलाच घाबरतो. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेले अन्न, मान्ना, रोजच्या रोज गोळा करायचा होता. उद्यासाठी ठेवलेल्याला किडे पडले. आजचा अध्याय आज वाचा, कालचा सोडून द्या. आणि पहिल्याच दिवशी तासभर बसायचा पण करू नका. वीसही जड जात असतील तर दहा मिनिटे घ्या, पण महिनाभर तीच ठेवा.

या वेळेचा उपयोग काय, हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात दिसते. आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटले होते. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला आणि म्हणाला, सगळे तुला शोधत आहेत. येशू परत त्या दाराशी गेला नाही. दुसऱ्या गावांना जाऊ या, म्हणाला. मागे गरजू माणसे होती, कामही चांगले होते, तरी दिवस कुठे जायचा हे गर्दीने ठरवले नाही. म्हणून प्रार्थनेच्या शेवटच्या दोन मिनिटांत आजची कामे देवापुढे एकेक वाचा आणि विचारा: यातले कोणते माझे नाही?

दिवसभर

जुन्या करारातल्या नहेम्याने, राजाने प्रश्न विचारल्यावर, उत्तर देण्याआधी, उभ्याउभ्या प्रार्थना केली. तशा एका वाक्याच्या प्रार्थना रोजच्या गोष्टींना बांधून ठेवा: डबा उघडताना, दुकानाचे शटर वर करताना, रागाचा मेसेज पाठवायच्या आधी. तीन जागा पुरेत, जास्त ठरवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. एक गीत किंवा ना. वा. टिळकांचे एखादे भजन, आठ-दहा वचने, आणि प्रत्येकाची एक-एक वाक्याची प्रार्थना, लहान्याचीसुद्धा. वसईतल्या कॅथलिक घरात याच जागी जपमाळ असते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे देवाशी बोलता बोलता मुलाला सुनावणे: ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल सोडव.’ मुलाला ते बरोबर कळते. पुढच्या वर्षी तो त्या वेळेला घरात नसतो.

पगार

पगार जमा झाला त्याच दिवशी देवाचा वाटा वेगळा काढा. 1 करिंथ 16:2 मध्ये पौल हेच सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याने त्याने आपल्या कमाईप्रमाणे बाजूला ठेवावे. पगार 28,000 असेल तर दशमांश 2,800 होतो. हप्ते आणि भाडे जाऊन तेवढे जमत नसेल तर 800 पासून सुरुवात करा, पण पहिल्या तारखेला करा, आणि दर सहा महिन्यांनी आकडा पुन्हा पाहा. महिनाअखेरीस पाकिटात काय उरते ते पाहून द्यायचे ठरवले तर ते आधीच गेलेले असते.

मात्र आईच्या औषधाचे पैसे अर्पणपेटीत टाकू नका. ‘कर्बान’, म्हणजे देवाला अर्पिलेले, असे म्हणून आईबापांना द्यायचे देवाच्या नावाखाली अडवणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावले (मार्क 7). घरकामाच्या बाईंचा पगार थकवून दिलेल्या दानाचेही तेच, याकोब 5:4 वाचा.

रविवार

शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेत दास-दासींचा विश्रांतीचा हक्क शब्दांत लिहिला आहे. मग रविवारी घरची सगळी उपासनेला आणि आई किंवा सून मटणाच्या रश्शापाशी, हे कसे चालेल? वाटण शनिवारी करून ठेवा, किंवा रविवारी खिचडी करा. क्लास, ओव्हरटाइम, लग्नाची बोलणी यांना उपासनेची वेळ देण्याआधी दुसरी वेळ मागून पाहा, पुष्कळदा मिळते. ड्यूटीच रविवारी असेल तर आठवड्यातली एक घरसभा पक्की धरा.

आणि मंडळीचे काम म्हणजे देव असे समजू नका. कमिटी, गायनवृंद, तरुण संघ अशा चार जागी नाव असलेल्या माणसाची एकांत प्रार्थना महिनोन्‌महिने बंद असू शकते. तसे असेल तर एक जबाबदारी सोडा आणि पाळकांना कारण खरे सांगा.

‘पहिल्याने’ याच अर्थाचा ‘प्रथम’ हा शब्द येशूच्या त्याच डोंगरावरच्या प्रवचनात मत्तय 5:24 मध्येही आहे. वेदीपाशी आल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेवायचे आणि प्रथम त्याच्याशी समेट करायचा. सकाळी प्रार्थनेला बसल्यावर कोणाचे नाव असे टोचले तर ते वहीत लिहा, आणि त्या दिवशी दुसरी कामे सुरू करायच्या आधी त्याला फोन लावा. वाटणीचे भांडण असो की लग्नातल्या मानपानाचे.