जमिनीच्या मागाने सरदार घराण्याचा शोध

मध्ययुगीन इंग्लंडमधील सरदार घराण्याची वंशावळ लावताना आरंभ जमिनीपासून करावा. चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू झाल्या. त्याआधी कोण कधी जन्मला हे कोणी सहसा लिहून ठेवत नसे, मात्र कोणाची जमीन कोणाकडे गेली यावर राजाच्या खजिन्याचे बारीक लक्ष असे.

सर्वांत मोलाचे साधन म्हणजे तेराव्या शतकापासूनच्या मरणोत्तर चौकश्या. राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस वारला की राजाचा अधिकारी स्थानिक पंचांना शपथ देऊन मृत्यूची तारीख, प्रत्येक मॅनरचे (म्हणजे सरदाराच्या ताब्यातील जमीनजुमल्याच्या एका घटकाचे) उत्पन्न, वारसाचे नाव आणि त्याचे वय विचारून घेई. यांतील तारखा आणि नावे बहुधा भरवशाची असतात. ‘तीस वर्षे व अधिक’ असे वय मात्र अंदाजानेच सांगितलेले असते आणि उत्पन्नाचे आकडे अनेकदा कमी दाखवलेले असतात. जमिनी अनेक परगण्यांत विखुरलेल्या असल्याने प्रत्येक परगण्याची चौकशी स्वतंत्रपणे वाचावी. सालही राज्यवर्षात, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजून, दिलेले असते: जून १३१४ मधील इंग्रज व स्कॉट यांच्यातील बॅनकबर्नची लढाई राजा दुसऱ्या एडवर्डच्या सातव्या वर्षात येते, तर ८ जुलैपासून आठवे वर्ष लागते.

त्याच लढाईत ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर निपुत्रिक मारला गेला. आपण गरोदर आहोत असे त्याची विधवा मॉड सांगत राहिल्याने वाटणी रखडली आणि अखेर १३१७ मध्ये एलेनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ या तीन बहिणींत जमिनी विभागल्या गेल्या. थोरला मुलगा सगळे घेई, मुलींना मात्र समान वाटे मिळत. म्हणून येथून पुढे क्लेअर नाव शोधत बसू नये, बहिणींच्या नवऱ्यांची आडनावे धरावीत. विधवेला हयातभर मिळणारा तिसरा हिस्साही विसरू नये, कारण तिच्या मृत्यूनंतरच्या चौकशीत त्याच जमिनी पुन्हा भेटतात.

मागे जायचे असेल तर ११९५ पासून न्यायालयात जपलेल्या जमीन-करारांच्या प्रती, ११६६ मधील सरदारांची विवरणपत्रे आणि शेवटी १०८६ चे डूम्सडे बुक, म्हणजे राजाने करवलेली जमिनींची मोठी नोंद, असा क्रम ठेवावा. पंधराव्या शतकात जमिनी विश्वस्तांच्या नावे करण्याची चाल रूढ झालेली असल्याने त्या काळच्या चौकशीत ‘काहीही जमीन नाही’ असे लिहिलेले दिसले, तरी तेवढ्यावरून घराणे बुडाले असे मानू नये.