लकवा झालेला माणूस घरी आल्यावर: कूस, घास, खांदा आणि मन

रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत रुग्णाचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं दुर्लक्षामुळे होत नाही, मदतीमुळे होतं. उठवताना लुळा हात धरून ओढला जातो, आडव्या माणसाच्या तोंडात पेज घातली जाते, लाल पडलेली जागा तेल लावून चोळली जाते, बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. नर्स, फिजिओथेरपिस्ट, बोलणं-गिळणं पाहणारे थेरपिस्ट आणि समुपदेशक एकाच घरात काम करतात तेव्हा बराचसा वेळ नवं शिकवण्यापेक्षा हे थांबवण्यात जातो. खालची माहिती घरच्यांसाठी आहे आणि वाडीत फिरणाऱ्या आशाताईंसाठीही.

आधी खाट कुठे टाकायची ते ठरवा. कोकणातल्या घरात आजारी माणसाला माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची सवय आहे. त्यापेक्षा ओटी किंवा पडवीलगतची खोली बरी. तिथे उजेड असतो, वारा असतो, येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून खाट हातभर लांब घ्या. खाटेची उंची साधारण दीड फूट हवी, कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. फार उंच झाली तर खाली वीट लावून पाय टेकवू नका, वीट सरकते. खाटेचे पाय कापून घ्या. घंटा किंवा मोबाइल चांगल्या हाताशी ठेवा. बोलायला मात्र लुळ्या बाजूला बसा, म्हणजे त्या बाजूकडे लक्ष वळतं. मेंदूच्या काही झटक्यांत रुग्ण स्वतःची अर्धी बाजू विसरूनच जातो, ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. चांगली गादी असेल तर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येतं, पण ते कातडी पाहून ठरवा, आपल्या झोपेवरून नको. पूर्ण आडव्या कुशीवर झोपवू नका, माकडहाड आणि कमरेचं हाड दोन्ही सुटतील इतकं, म्हणजे सुमारे तीस अंश कलतं ठेवा. त्यासाठी चार-पाच उशा लागतात. नसतील तर जुन्या लुगड्याच्या घट्ट गुंडाळ्या चालतात: एक पाठीमागे, एक दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक लुळ्या हाताखाली. पोटऱ्यांखाली एक अशी द्या की टाच हवेत तरंगली पाहिजे. टाचेखालीच उशी दिली तर दाब तिथेच राहतो. लुळ्या कुशीवर झोपवायला लोक घाबरतात. घाबरू नका, फक्त तो खांदा अंगाखाली चेपू देऊ नका, खांद्याच्या पात्याला धरून हलकेच पुढे घ्या.

प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, कमरेची हाडं आणि कोपर पाहा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. रंग पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर दाब काढल्याने भागेल. दाबूनही तसाच लाल राहिला, तर ती दाबाच्या जखमेची पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, मग हाताच्या पाठीने शेजारच्या जागेशी ताडून पाहा: गरम, कडक किंवा पिठासारखी मऊ लागली तर तेच समजा. ती जागा चोळायची नाही, स्पिरिट लावायचं नाही, मधे भोक असलेल्या रबरी चकतीवर बसवायचं नाही. चकतीच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं संकट ओलीचं. कपडे वाळत नाहीत आणि अर्धवट ओल्या चादरीवर कातडी मऊ पडते. जांघा आणि काखा टिपून कोरड्या करा, पावडरीचे थर देऊ नका, घामात तिचे गोळे होऊन तेच घासतात. चादर चुलीपाशी वाळवली असेल तर ती थंड आणि कोरडी झाल्यावरच घाला.

उठवण्याची पद्धत एकदा बसली की सगळं सोपं होतं. गुडघे वाकवा, रुग्णाला तुमच्याकडे कुशीवर वळवा, पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा. मग एक हात खांद्याच्या पात्यामागे आणि दुसरा कमरेच्या हाडावर ठेवून उठवा. पाय खाली जाताना त्यांचं वजनच अर्धं काम करतं. काखेत हात घालून उचलायचं नाही. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. वर ओढ बसली की दुखणं महिनोन्महिने राहतं आणि दुखणारा खांदा रुग्ण हलवतच नाही. कपाटाला कप्पी बांधून लुळा हात वर ओढण्याचा व्यायामही याच कारणाने नको. बसल्यावर हात लोंबकळू देऊ नका, मांडीवरच्या उशीवर ठेवा. खुर्चीवर नेताना खुर्ची चांगल्या बाजूला तिरकी लावा, तळवे मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं पुढे वाकवा आणि मगच उठवा. धरायला रुग्णाच्या कमरेला दुहेरी घडीचं लुगडं घट्ट बांधा. न्हाणीत शेवाळलेला चिरा असेल तर आधी घासून घ्या, बसायला स्टूल नको, पाठीची खुर्ची ठेवा. उंबरठ्याला उतार लावल्याशिवाय चाकाची खुर्ची घेऊ नका, ती पडवीतच राहते.

आता घास. जास्तीत जास्त चुका इथेच होतात. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा नको. ती झाली आहे का ते डिस्चार्जच्या कागदावर पाहा. परवानगी असली तरी पेज हा धोक्याचा पदार्थ आहे. आपल्याकडे आजाऱ्याला पहिली पेजच देतात, आणि पेजेत पातळ पाणी आणि शितं वेगवेगळी असतात. शितं तोंडात चावली जात असताना पाणी आधीच घशात उतरतं आणि श्वासनलिकेत जातं. त्याऐवजी मऊ भात मिक्सरमध्ये एकजीव करा, कुळथाची पिठी गुठळी न होऊ देता थोडी दाट करा किंवा नाचणीची आंबील द्या. सोलकढी, कोकमाचं सार, ताक, पाणी हे सगळं पातळ. थेरपिस्टांनी दाट करायला सांगितलं असेल तर डब्यावरच्या प्रमाणानेच जाडसर करा.

दाटपणा डोळ्यांनी ठरवू नका, सिरिंजने मोजा. दहा मिलिलिटरची सिरिंज घ्या, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचं अंतर साधारण सहा सेंटीमीटर असलेली. दट्ट्या काढा, सिरिंजच्या खालच्या तोंडाला बोट लावून दहाच्या खुणेपर्यंत भरा, बोट काढून दहा सेकंद मोजा आणि पुन्हा बोट लावा. एकाहून कमी उरलं तर ते पाण्याइतकं पातळ. एक ते चार उरलं तर किंचित दाट, चार ते आठ हलकं दाट, आठच्या वर उरलं तर मध्यम दाट. थेरपिस्टांनी जी पायरी सांगितली तीच आली पाहिजे. मोजमाप वाढण्याच्या वेळेच्या तापमानाला करा, कारण आंबील निवताना घट्ट होते. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत कळत नाही. थुंकीतलं एक द्रव्य पिष्ट पदार्थ तोडतं. तोंडातून निघालेला चमचा वाटीत परत परत बुडवला की पाव तासात तीच आंबील पाणचट होते. आधीच मोजलेल्या पायरीपेक्षा ती पातळ होते आणि शेवटचे घास ठसक्याचे होतात. म्हणून छोट्या वाटीत थोडी थोडी घ्या आणि उरलेली परत भांड्यात ओतू नका.

भरवताना पाठ सरळ, तळवे टेकलेले, रेडिओ-टीव्ही बंद. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, चहाचा. घास चांगल्या बाजूने द्या, हनुवटी थोडी खाली ठेवायला सांगितलं असेल तर तशी ठेवा. गिळल्यावर "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, गुरगुरता आला तर थांबा, खाकरून पुन्हा गिळू द्या. ठसका लागला नाही म्हणजे सुरक्षित असं नाही. काहींची घशाची जाणीवच गेलेली असते आणि अन्न न खोकताही फुप्फुसात जातं. जेवणानंतर ताप, भराभर श्वास, छातीत घुरघुर दिसली तर दवाखाना गाठा. लुळ्या गालात घास साठतो. शेवटी तो गाल पाहा, मऊ ब्रशने तोंड स्वच्छ करा आणि अर्धा तास बसवूनच ठेवा. मासे खायला हरकत नाही, पण बांगडा-तारलीचा बारीक काटा नको. मोरी माशाला तसा काटा नसतो. ती शिजवून अगदी बारीक करा, आमटीचा नारळरस गाळून घ्या, कारण राहिलेला खोबऱ्याचा चव घशात अडकतो. तांदळाची भाकरी तूर्त बाजूला ठेवा, ती तोंडात सुटी होते.

नाकातून नळी असेल तर नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण प्रत्येक वेळी पाहा. सरकली असेल तर काहीही घालू नका. डोकं तीस ते पंचेचाळीस अंश उंच, सिरिंज वर धरून आपोआप उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. शेवटी तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी घाला. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नसावी.

हातापायाच्या व्यायामाबद्दल एवढंच सांगतो: दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे सहा वेळा. हाताला चेंडू दाबायला देण्याची घाई नको. मूठ आवळणं पुष्कळदा लवकर येतं, उघडणं मागे राहतं, म्हणून वाटीतले सुपारीचे तुकडे सोडण्याचा सराव द्या. हलकी तेलमालीश चालेल. कबुतराचं रक्त, नाकात तेल, गरम विटेचा शेक यातलं काहीही नको. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं आणि बधिर कातडीला चटका कळतच नाही. रक्तदाब चांगल्या हातावर मोजा. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी मात्र त्या दिवशीही चुकवू नका. "आता बरा दिसतो" म्हणून गोळ्या बंद होतात आणि दुसरा झटका तिथूनच येतो.

बोलणं गेलेल्या माणसाशी ओरडून बोलू नका, तो बहिरा झालेला नसतो. उजवी बाजू लुळी पडलेल्यांत हे जास्त दिसतं. एका वेळी एक छोटं वाक्य, मग दहा सेकंद थांबा. हो-नाहीच्या प्रश्नांवर मान हलवून घ्या, पण "हो" म्हणताना मान "नाही" अशी हलत असेल तर उलट प्रश्न विचारून खात्री करा. शब्द न सुचणाऱ्या माणसाला आरती किंवा भजनाच्या ओळी येतात कधी कधी. संध्याकाळी घरातल्या आरतीत त्याला बसवा, परीक्षा घेतल्यासारखं करू नका.

मनाचा भाग समुपदेशकाकडे सोपवून मोकळं होता येत नाही, कारण तो आठवड्यातून एकदा येतो. लकवा झालेल्यांत ढोबळमानाने तिघांत एकाला नैराश्य येतं. रडण्याचे दोन प्रकार ओळखा. एकदम रडू फुटतं आणि विषय बदलला की मिनिटभरात थांबतं, ते मेंदूच्या इजेचं लक्षण असतं. अशा वेळी जवळ शांत बसा, समजूत घालू नका. दोन आठवडे सतत उदास, खाण्यात-बोलण्यात रस नाही, पहाटे झोप उडते, व्यायामाला नकार, हे नैराश्य. त्यावर औषध आणि बोलणं दोन्ही असतं. विचारताना सरळ विचारा: "झोप लागता काय? कशात मन रमता काय?" आणि पुढे, "जगणं नकोसं होतं काय, जीव द्यायचा विचार येतो काय?" असं विचारल्याने विचार रुजत नाही. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका. पडवीत ठेवलेली कलमांच्या फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात टाका. टेली-मानसच्या १४४१६ वर कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. समुपदेशकाने सासू-सुनेच्या समोर बोलायचं नाही. खळ्यात खुर्ची टाका आणि बाकीच्यांना आत पाठवा. कूस बदलणाऱ्या सुनेशीही वेगळं बोला. तिची पाठ आणि झोप दोन्ही विचारा.

एक वही खाटेला बांधून ठेवा: वेळ, कूस, काय आणि किती खाल्लं, लघवी-संडास, कातडी, गोळी, मूड. येणारा प्रत्येक जण तीच वाचेल आणि त्यातच लिहील, म्हणजे नर्सने सांगितलेलं फिजिओथेरपिस्ट मोडणार नाहीत. पुन्हा तोंड वाकडं, हात एकदम गळाला, बोलणं अडखळलं, तर लक्षण नेमकं कधी सुरू झालं तो वेळ वहीत लिहून लगेच १०८. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, आणि योग्य रुग्णालाच देता येतं. घाटाचा रस्ता आणि पूर आलेली खाडी त्यातलेच तास खाते.

गणपतीला मुंबईकर येतात तेव्हा प्रत्येक जण पायाशी बसून डोळे पुसतो. त्यांना रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी द्या. पहिल्या रात्री दहाची आणि बाराची कूस तुमच्या देखत करून घ्या, दोनची त्यांनी एकट्याने करावी, वहीत लिहावी. सुनेने तोवर दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावं.