इंग्रजीत बोलायच्या आधीची दहा मिनिटं

चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं गोव्यातल्या डिचोलीचं पोर पाचवीत गेलं की बहुतेक विषय इंग्रजीत. उभं करून गावाबद्दल बोल म्हटलं की तोंडाला कुलूप! शब्द बरेचसे येत असतात, पण काय सांगायचं आणि कसं सांगायचं, दोन्ही एकाच दमात जमत नाही. म्हणून घरी सराव घेताना आधी विचाराला वेळ द्या.

विषय डोळ्यांसमोर घडलेला निवडा. शेजारच्या सहावीतल्या मुलाला मी चवथीआधीचा, म्हणजे गणेश चतुर्थीआधीचा, माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळांचा) बाजार दिला होता.

दहा मिनिटांचा गजर लावा. कागदावर फक्त सुटे शब्द. पूर्ण वाक्यं लिहायला लागला तर थांबवा, नाहीतर ते पाठांतर होतं. आधी काय झालं ते क्रमाने आठवू द्या, मराठीत आठवलं तरी बिघडत नाही. मग अडणारे शब्द. हा मुलगा ‘माटोळी’पाशीच अडला. शब्दकोशात काय मिळणार? दोन मिनिटं पेन चावून त्याने लिहिलं, ‘फ्रूट्स, हँगिंग, अबव्ह गणपती’. आयत्या वेळी हे सुचलं नसतं. शेवटी क्रियापदांची भूतकाळी रूपं: वेंट, बॉट, टाइड.

आता कागद काढून घ्या. पोरं कुरकुरतात. पण पॉलीन फॉस्टर आणि पीटर स्केहन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी 1996 च्या प्रयोगात दहा मिनिटं दिल्यावर टिपणं काढूनच घेतली होती, आणि तयारी केलेले अधिक सलग, अधिक गुंतागुंतीची वाक्यं बोलले. चुका मात्र त्या प्रमाणात सरसकट कमी झाल्या नाहीत. तेव्हा ‘ही गो’ ऐकू आलं तरी मध्ये तोंड घालू नका. फोनवर रेकॉर्ड करा, नंतर दोघांनी मिळून ऐका आणि एकच चूक धरा.

दुसऱ्या दिवशी तोच विषय, वेळ पाच मिनिटं. मग नवा विषय, एक मिनिट. एका मिनिटाला हसू नका. जर्मन शिकणाऱ्यांवरच्या 1998 च्या अभ्यासात उटा मेहनर्ट यांना दिसलं, की अचूकपणा सुधारला तो पहिल्या मिनिटातच. पुढच्या मिनिटांनी ओघ वाढला. आयेल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेत दुसऱ्या भागाला तयारीसाठी मिळतं तेही एकच मिनिट.

हॉटेलच्या काउंटरवर तेवढंही मिळत नाही. तिथे कामाला जायचं असेल त्याने शेवटचे काही दिवस गजर न लावताच बोलावं.