सालगडी बदलताना: ओपन सोर्स पॅकेज दुसऱ्याच्या हवाली कसं करावं

आमच्याकडे पाडव्याला सालगडी बदलतो. जुना गडी निघण्याआधी नव्याला रानात एक चक्कर मारून आणतो. कोणता बैल डाव्या अंगानं जवळ गेलं की लाथ मारतो, बोअरची मोटार लावल्यावर पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं ते हौदात सोडायचं नाही, कुठल्या बांधावरून शेजाऱ्याशी कुरबुर आहे, असलं सगळं सांगतो. सातबाऱ्यावर यातलं काहीच नसतं, आणि रान मात्र यावरच चालतं.

एका लहानशा पायथन पॅकेजची (पॅकेज म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) मी दहा वर्षं सालगडीच होते, तीही बिनपगारी. (सालगड्याला निदान ज्वारी आणि कपडे ठरवून मिळतात.) अंबाजोगाईत अण्णांचा छापखाना. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांच्या स्मरणिका असं काम. सगळा मजकूर कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारं पॅकेज मी 2014 मध्ये लिहून पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, टाकलं. पुढं त्याचंच जावास्क्रिप्टमधलं भावंड एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तसल्याच कोठारात, गेलं. मग अण्णा थकले, छापखाना एकटीवर आला, आणि 2022 च्या दिवाळीत मी ठरवलं की आता हे कुणाच्या तरी हवाली करायचं. त्यात कुठं चुकले आणि काय जमलं, ते इथं लिहिते. तुमचं पॅकेज वेगळं असेल, पण चावी द्यायची रीत बहुतेक सारखीच.

आधी खोड्यांची वही

माणूस शोधायला निघण्याआधी वही लिहा. मी उलटं केलं. रीडमीत (पॅकेजसोबतच्या माहितीच्या फाइलीत) "सांभाळणारं कुणी हवं आहे" अशी एक ओळ टाकून काही महिने वाट बघत बसले. कुणी आलं नाही, कारण येणाऱ्याला घरात काय काय आहे तेच दिसत नव्हतं.

कोड वाचून 'काय' कळतं, 'का' कळत नाही. 'निर्मिती' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलट: रफाराचा र आधी, वेलांटी शेवटी. म्हणून माझ्या कोडात आधी वेलांटी हलते, मग रफार. कुणी नीटनेटकेपणा म्हणून या दोन ओळींची अदलाबदल केली, तर वेलांटी म सोडून र वर जाऊन बसते आणि शब्द फुटतो. ही गोष्ट इतकी वर्षं फक्त माझ्या डोक्यात होती.

दुसरी खोड 'दुसऱ्या'ची. रूपांतरात गफलत झाली की 'दुसर्या' असा रफारवाला अवतार उगवतो, तुम्हीही तो शंभर ठिकाणी पाहिला असेल. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मागून एक न दिसणारा जोडक. मी पहिली तऱ्हा धरली, कारण न दिसणारं चिन्ह मजकूर साफ करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये गुपचूप गळून पडतं आणि मग रफार डोकं वर काढतो. एका भल्या माणसानं 2017 मध्ये दुसऱ्या तऱ्हेची दुरुस्ती पाठवली होती. मी "नको" एवढंच लिहून ती बंद केली. त्याला कारण सांगितलं असतं तर कदाचित तोच आज सांभाळत असता.

तर अशा सगळ्या खोड्या लिहून काढा. माझ्या वहीत एकतीस निघाल्या. एकच तक्ता तीन ठिकाणी आहे, दोन बदलले तर तिसरा विसरू नका (लाज वाटते, पण लिहिलं). एक जुना वापरकर्ता आवृत्ती 0.8 वरच अडकलाय, तो फोन करतो, त्याच्याशी प्रेमानं बोला. फॉन्टची फाइल कुणी मागितली तर देऊ नका, फॉन्ट विकतचा आहे, आपण फक्त अक्षरांचा नकाशा देतो. कुठल्या मागण्या मी नाकारल्या आणि का, हेही त्यात आलं पाहिजे, कारण त्याच मागण्या नव्या माणसाकडे पुन्हा येणार आहेत. वही रेपोमध्येच, म्हणजे कोड ठेवलेल्या जागीच, ठेवा. माझी वाढत वाढत दासोपंतांच्या पासोडीएवढी झाली, तरी कुणी तक्रार केली नाही.

चाव्या मोजा

एका संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि काय काय कुणाच्या नावावर आहे ते लिहा. गिटहबचं (जिथं कोड ठेवतो त्या साइटचं) खातं, पायपीआयचं, एनपीएमचं, आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेतले टोकन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या गुप्त चाव्या), दस्तऐवजांची साइट, आणि या सगळ्यांना जोडलेला ईमेल. ईमेल विसरतोच आपण. माझा ईमेल छापखान्याच्या डोमेनवर होता, ज्याचे पैसे दरवर्षी अण्णा भरायचे. 2022 मध्ये 'सीटीएक्स' नावाच्या पायथन पॅकेजचं हेच झालं. सांभाळणाऱ्याच्या ईमेलचं डोमेन संपलं, दुसऱ्यानंच ते विकत घेतलं, त्या पत्त्यावर पासवर्ड बदलून मागवला आणि पॅकेजमध्ये चोरीचा कोड घुसवला. मी ते वाचलं आणि त्याच रात्री ईमेल बदलला.

फोनचंही सांगते. दोन टप्प्यांची पडताळणी फोनवर होती, आणि फोन धुण्याच्या हौदात पडला. परतीचे कोड, म्हणजे फोन गेला तर खात्यात शिरायचे? त्याच फोनमध्ये. खातं परत मिळेपर्यंत किती दिवस झोप नव्हती ते सोडा. आता पायपीआयनं 1 जानेवारी 2024 पासून ही पडताळणी सगळ्यांनाच सक्तीची केलीय. परतीचे कोड कागदावर छापा आणि सातबारा, आठ अ जिथं ठेवता त्याच फाइलीत ठेवा.

माणूस

मला 2021 मध्ये एक अत्यंत गोड ईमेल आला होता. अनोळखी नाव, भरपूर स्तुती, आणि तिसऱ्याच ओळीत "प्रकाशनाचे अधिकार द्या, मी सगळं बघतो." मी थकलेली होते, खरं सांगायचं तर देऊन मोकळी होणार होते. पण 2018 चं 'इव्हेंट-स्ट्रीम' आठवलं. एनपीएमवरचं ते पॅकेज दमलेल्या सांभाळणाऱ्यानं असंच ईमेलवरून मागणाऱ्याला दिलं, आणि नव्या मालकानं त्याला लागणारं म्हणून आणखी एक पॅकेज जोडून बिटकॉइनच्या एका वॉलेटमधली नाणी चोरायचा घाट घातला. म्हणून मी उत्तर दिलं: आधी 'वाऱ्यावर' या शब्दाची फुटलेली चाचणी दुरुस्त करून पाठवा. पुन्हा पत्र आलं नाही.

एवढीच परीक्षा घ्या. लहान, कंटाळवाणं, खरं काम द्या. ज्याला पॅकेज हवंय तो ते करतो, ज्याला नुसती चावी हवीय तो पळतो. आणि सगळ्यात आधी आपल्याच इश्शूंच्या, म्हणजे लोकांनी गिटहबवर नोंदवलेल्या तक्रारींच्या, यादीत शोधा. मला मिळालेले दोघंही तिथलेच. एक उदगीरचा पोरगा, जो दर दोन महिन्यांनी चिडून बग नोंदवायचा. दुसऱ्या नांदेडच्या मॅडम, शाळेत शिकवतात, जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायच्या म्हणून आल्या. तक्रार करणारा माणूस म्हणजे वापरणारा माणूस. मी त्यांना वर्षानुवर्षं कटकट समजत होते.

शब्दही नीट निवडा. डेबियन या लिनक्स प्रणालीवाल्यांकडे याच्या दोन वेगळ्या पाट्या आहेत: "दत्तक घ्यायला कुणी हवंय" ही एक, आणि "अनाथ" ही दुसरी. पहिली लावणारा अजून घरात असतो, मूल सांभाळत असतो. दुसरी लावणारा निघून गेलेला असतो. तुम्ही पहिली लावा, आणि अंगात थोडा जोर असतानाच लावा.

दोघं असावेत हा माझा हट्ट आहे. एकाच्या घरी लग्न निघालं, परीक्षा आली, तर दुसरा असतो. दुसरं कारण पुढं येतंय.

एक पाडवा ते दुसरा पाडवा

आम्ही ठरवलं: 22 मार्च 2023 चा पाडवा ते 9 एप्रिल 2024 चा पाडवा. पहिले तीन महिने दोघांनी फक्त इश्शूंना उत्तरं द्यायची, मी मागून वाचायचं. हा काळ मला सगळ्यात जड गेला. मॅडमनी एका वैतागलेल्या माणसाला चार परिच्छेद समजावून सांगितलं, मी दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. बोट कीबोर्डवर ठेवून गप्प बसायला शिका.

मग कोड जोडण्याचे अधिकार. इथं एक तांत्रिक गोष्ट: रेपो तुमच्या वैयक्तिक गिटहब खात्यावर असेल, तर दुसऱ्याला प्रशासकाचे पूर्ण अधिकार देताच येत नाहीत, तो सहयोगीच राहतो. म्हणून एक संस्था-खातं उघडा, त्याला किमान दोन मालक ठेवा आणि रेपो तिकडं हलवा. इश्शू, लोकांनी दिलेले पसंतीचे तारे सगळं सोबत जातं, जुना पत्ता आपोआप नव्याकडं वळतो. फक्त त्याच जुन्या नावानं तुमच्या खात्यावर पुन्हा रेपो काढू नका, ते वळण तुटतं.

हे मी केलं आणि पुढच्याच प्रकाशनाला उदगीरहून फोन. "ताई, सगळ्या टेस्ट पास होऊ लाल्यात, पण पॅकेज वर जाईना." तास गेला. पायपीआयवर 2023 मध्ये विश्वासू प्रकाशन ही सोय आली, म्हणजे टोकन साठवायचं नाही, गिटहबची यंत्रणाच स्वतःची ओळख पटवून पॅकेज चढवते. चांगली सोय आहे, वापराच. पण तिथं रेपोच्या मालकाचं नाव लिहिलेलं असतं, आणि मी रेपो हलवल्यावर ते बदललंच नव्हतं. जमीन विकली आणि फेरफार केला नाही, त्यातलाच प्रकार. वहीत बत्तिसावी नोंद झाली.

पायपीआयवर दोन पदं आहेत. 'मेंटेनर' नवी आवृत्ती चढवू शकतो, पण माणसं जोडू-काढू शकत नाही. ते 'ओनर'च्या हातात. दिवाळीला दोघांना मेंटेनर केलं. पहिल्या दोन आवृत्त्या त्यांनी काढल्या तेव्हा मी फोनवर होते, तिसऱ्या वेळी फोन मुद्दाम उचलला नाही. ती आवृत्ती फुटकी निघाली. 'निर्मिती'च. आम्ही ती पुसली नाही, 'यँक' केली. म्हणजे ज्यानं नेमकी तीच आवृत्ती मागितलीय त्याला ती मिळत राहते, बाकी कुणाला आपोआप जात नाही. पुसलेल्या फाइलचं नाव पायपीआयवर परत वापरता येत नाही, म्हणून घाईत पुसू नका. दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती गेली, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) चूक कबूल केलेली होती. मला तेव्हा बरं वाटलं.

पाडवा अकरा दिवसांवर असताना, 29 मार्च 2024 ला, 'एक्सझेड'ची (लिनक्सवर फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स पॅकेजची) बातमी आली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या वाटेनं, आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला, आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार सापडलं. घालणारा कोण, तर दोनेक वर्षं मनोभावे काम करून सहसांभाळकर्ता झालेला माणूस. म्हणजे माझी 'कंटाळवाणं काम द्या' ही परीक्षा तो हसत पास झाला असता. मी दोन दिवस विचार केला. उदगीरच्या पोराला मी एकदाही प्रत्यक्ष भेटलेले नव्हते. शेवटी तिघांनी अंबाजोगाईत भेटायचं ठरवलं. मुकुंदराजांच्या समाधीजवळ बसून, घरून नेलेली धपाटी खात, दोन नियम लिहिले. एकानं लिहिलेला बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय जोडायचा नाही. आणि प्रकाशनाची फाइल कुणीही आपल्या संगणकावर बांधायची नाही, सगळ्यांना दिसणाऱ्या रेपोमधूनच यंत्रणा ती बांधेल. एक्सझेडमध्ये चोरदार चालू करणारा तुकडा रेपोमध्ये नव्हताच, फक्त वाटलेल्या गठ्ठ्यात होता. त्या भानगडीत आणखी एक गोष्ट होती: दमलेल्या मूळ माणसाला अनोळखी खाती "सोड, दुसऱ्याला दे" म्हणून टोचत होती. तुम्हाला कुणी असं टोचू लागलं तर हवाली करायची तारीख पुढं ढकला.

निघताना

पाडव्याला दोघांना ओनर केलं आणि आठवड्यानं स्वतःचं नाव काढलं. तो आठवडा ठेवा, काही अडलं तर दिसतं. जुने टोकन रद्द करा. परवाना आणि कॉपीराइटची ओळ आहे तशी राहू द्या, नवी नावं खाली जोडा. जुन्या ओळी ज्यांनी लिहिल्या त्यांच्याच राहतात. रीडमीत तारीख टाकून स्पष्ट लिहा की आता कोण बघतंय, नाहीतर फोन तुम्हालाच येत राहतील. मला 0.8 वाल्याचे अजून येतात.

एनपीएमवरच्या भावंडाला मात्र कुणी मिळालं नाही. दोन दिवाळ्या वाट पाहिली. असं झालं तर नुसतं सोडून जाऊ नका, आणि पॅकेज काढूनही टाकू नका. 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज मालकानं रागानं काढलं आणि जगभरचे प्रोग्रॅम बांधले जाईनात. शेवटची एक आवृत्ती काढा, एनपीएमवर 'डेप्रिकेट'ची आज्ञा देऊन सूचना लावा आणि गिटहबचा रेपो अर्काइव्ह करा, तो फक्त वाचण्यापुरता उरतो. पायपीआयवरही जानेवारी 2025 पासून प्रकल्प अर्काइव्ह करता येतो. माझी सूचना अशी आहे: "हे आता कुणी सांभाळत नाही. कोड चालतो, पण दुरुस्ती होणार नाही. पायथनचं पॅकेज जिवंत आहे, ते वापरा. हे पुढं न्यायचं असेल तर खुशाल नक्कल घ्या, नाव मात्र वेगळं ठेवा. खोड्यांची वही रेपोमध्ये आहे, आधी 'दुसऱ्या'चं पान वाचा."