शाळेत टॅब न्यायचाय? आधी घरी एवढं करा

गेल्या जूनमध्ये आमच्या थोरल्याच्या सातवीच्या वर्गात 'आपापला टॅब आणा' सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या तासाला माझा फोन वाजला. म्हणजे ड्रॉवरमध्ये वाजत राहिला, कारण मी काउंटरवर होते. जेवायच्या सुट्टीत बघते तर शाळेच्या ऑफिसचे पाच मिस्ड कॉल. उलट फोन केला तर पोरगा रडकुंडीला आलेला, "आई, तुझा पासवर्ड काय आहे?" तो मलाच आठवेना. यंदा धाकटीची पाळी आहे, म्हणून यादी लिहून काढतेय. इथे इंदूरला, सुदामा नगरातल्या दोघी-तिघींनी मागितलीच होती.

सगळ्यात आधी शाळेचं खातं. शाळा आयडी आणि तात्पुरता पासवर्ड असलेली चिठ्ठी देते. ती मी कंपासपेटीत घालून दिली होती, म्हटलं सर उघडून देतील. सरांपुढे चाळीस टॅब! त्यातून आमचा टॅब फॅमिली लिंकने (मुलांच्या टॅबवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) माझ्या खात्याला बांधलेला. अशा टॅबवर दुसरं कुठलंही खातं जोडायला गेलं की तो पालकाचा पासवर्ड मागतो, आणि शाळेचं खातं हे त्याच्या लेखी दुसरंच. म्हणून ते घरी, तुमच्यासमोर, आदल्या रविवारी उघडा. नवा पासवर्ड ठेवायला सांगेल, तो ठेवा आणि वहीच्या मागच्या पानावर नको, स्वतःजवळ लिहा. गूगल क्लासरूम ॲपमध्ये शिरून एक फोटो तरी पाठवून बघा. नुसतं 'उघडलं' म्हणू नका.

खरेदीबद्दल काही सांगत नाही, बजेट ज्याचं त्याचं. कव्हर मात्र जेल रोडवरून जाड कडांचंच घ्या. तिथला भिया "दीदी, ये पतला वाला देखो, एकदम प्रीमियम" म्हणेल, ऐकू नका. व्हॅनमध्ये दप्तरावर दप्तर पडतं.

शाळेच्या फॉर्ममध्ये मॅक ॲड्रेसचा (वायफाय टॅबला ज्यावरून ओळखतं तो नंबर) रकाना असला तर जरा जपून. अँड्रॉइड 10 पासून टॅब प्रत्येक वायफायला खोटा, वेगळाच मॅक दाखवतो. तुम्ही 'टॅबविषयी' मधून खरा नंबर लिहून देता, शाळेचं वायफाय खोटा बघतं आणि आत घेत नाही. त्या वायफायच्या प्रायव्हसीत जाऊन 'डिव्हाइस मॅक' निवडावं लागतं. हे सेटिंग ज्या-त्या वायफायचं असल्यामुळे घरच्यावर बदलून भागत नाही. कुठे दाबायचं ते मुलीला दोनदा करून दाखवा. (शाळेचं खातं उघडलंत ना? नाही तर वायफाय लागूनही बसायचं हात चोळत.)

फॅमिली लिंकमधला डाउनटाइम, म्हणजे टॅब आपोआप बंद व्हायची वेळ, बघा. सुट्टीत मी दुपारी बारानंतर टॅब बंद होईल असं लावून ठेवलं होतं आणि विसरले. शाळेच्या वेळात तो उघडा राहिला पाहिजे. तरी अडलाच, तर तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये पालकाचा कोड असतो. तो फोनवरून मुलीला सांगता येतो आणि टॅबला नेट नसलं तरी चालतो. मात्र तो सारखा बदलतो, आदल्या दिवशी लिहून देऊन उपयोग नाही. आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवू नका, हे मी मलाच सांगतेय.

आपल्या इंदूरकडची एक खास कटकट म्हणजे हिंदीच्या बाईंची वर्डची फाइल. ती कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये असते, टॅबवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. टॅब बिघडला म्हणून आम्ही दुकानात नेणार होतो! पीडीएफ मागून घ्या. टाइप करायला हिंदी कीबोर्ड घरीच उतरवून ठेवा, दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचे धडेही. चाळीस जण एका वायफायवर आले की काही उतरत नाही.

खोक्याचा आणि बिलाचा फोटो काढा. सिमवाला टॅब असेल तर खोक्यावर 15 आकडी आयएमईआय, म्हणजे त्या टॅबचा ओळख नंबर, असतो. हरवला तर पोलिसात तक्रार देऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. नुसत्या वायफायवाल्याला आयएमईआय नसतो, त्याचा सीरियल नंबर टिपा. नावाची चिठ्ठी टॅबवर, कव्हरवर आणि पेनवरही. पेन पहिल्या आठवड्यात जातं.

आदल्या रात्री चार्जिंग पूर्ण. अपडेट आलं असेल तर तेव्हाच, सकाळी नाही. चार्जर देऊ नका, वर्गात प्लग दोन. टॅब आला म्हणून एखादी जाड वही काढा, दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत हवं असं 2020 च्या शालेय दप्तर धोरणातच आहे. पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात. पाऊस असेल तर प्लॅस्टिकची पिशवी.

सकाळी: टॅब, पेन, डबा. संध्याकाळी: टॅब चार्जिंगला, मग पोहे.

आणि ती चिठ्ठी कंपासपेटीतच असेल तर आत्ता काढा. मुलगी झोपली असेल तरी काढा, तिच्याशिवायही खातं उघडतं.