सकाळच्या चहाचे ध्यान कसे करावे

विदर्भातील खेड्यांत दिवसाचा पहिला चहा बहुधा उभ्याउभ्याच संपतो. एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाइल आणि डोक्यात म्हशीची धार, वावरातील मोटर व रात्री गेलेली लाइट, अशा अवस्थेत तो कधी पिऊन झाला हेही कळत नाही. याच चहाला रोज वीस-पंचवीस मिनिटे अखंड दिली, तर त्यातून ध्यानाचा साधा आणि टिकणारा अभ्यास घडू शकतो. त्यासाठी महागडी चहापत्ती, परदेशी भांडी किंवा मंत्रदीक्षा लागत नाही. आपला दुधाचा, साखरेचा, आल्याचा चहाच पुरेसा आहे. अट एकच आहे, आणि ती मी आग्रहाने सांगतो: ज्याला ध्यान करायचे आहे, त्याने तो चहा स्वतः करावा. मन एका जागी आणण्याचे बहुतेक काम चहा करतानाच होते. पिणे हा त्याचा शेवटचा आणि लहान भाग असतो.

या अटीमागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे घरातील बाई दिवसभरात अनेकदा चहा ठेवते, सर्वांना देते आणि स्वतःचा चहा शेवटी, निवलेला, चुलीपुढे बसून संपवते. अशा घरात एखाद्या पुरुषाने ‘मी ध्यानाला बसतो, चहा आणून दे’ असे म्हटले, तर त्याच्या शांततेचा भार तिच्या पाठीवर पडतो, आणि त्याला ध्यान म्हणणे मला मान्य नाही. स्वतः ध्यान करू इच्छिणाऱ्या गृहिणीची अडचण याच्या उलट आहे. चहा करणे हेच तिचे रोजचे काम असल्यामुळे हात सवयीने चालत राहतात आणि मन दुसरीकडेच असते. तिने सर्वांचा चहा ठेवण्याआधी स्वतःपुरता एक कप वेगळा करावा, तो बसून प्यावा आणि तेवढ्या वेळात कोणी हाक मारू नये हे आदल्या रात्रीच घरात सांगून ठेवावे. ज्या घरात हे ऐकले जात नाही, तेथे घरातील दुसऱ्या कोणीतरी सकाळी चुलीपाशी जाणे हीच पहिली पायरी समजावी.

चहा आणि ध्यान यांचा संबंध जुना आहे. एइसाई हा जपानी भिक्षू ११९१ मध्ये चीनहून झेन या ध्यानप्रधान बौद्ध परंपरेसोबत चहाचे बी घेऊन परतला, आणि दीर्घ बैठकीत झोप येऊ नये म्हणून जपानच्या मठांत चहा घेतला जाऊ लागला. पुढे सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या जपानी चहागुरूने चहापानाच्या विधीला साधी खोली, साधी भांडी आणि संथ हालचाली यांचे रूप दिले. त्या विधीची नक्कल करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही, कारण पहाटे शांत बसण्याची रीत आपल्या गावांतही आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी पोहोचवलेले सामुदायिक ध्यान पहाटेच होते. ज्या गावात ते अजून चालते, तेथील माणसाने तेथून परतल्यावरचा चहा या अभ्यासासाठी निवडावा. मन आधीच थोडे निवलेले असते.

वेळ शक्यतो घर जागे होण्याआधीची असावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा सूर्योदयानंतर चुलीपाशी बसणे हीच शिक्षा होते, म्हणून त्या दिवसांत अंधारातच उठावे. रिकाम्या पोटी चहाने जळजळ होत असेल, तर आधी पाणी प्यावे आणि भाकरीचा तुकडा किंवा मूठभर फुटाणे खावेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तो जवळ पालथा ठेवला तरी मनाचा एक धागा त्यालाच बांधलेला राहतो.

एका माणसासाठी अर्ध्या कपाहून थोडे अधिक पाणी, अर्ध्या कपाहून थोडे कमी दूध, सपाट चमचाभर चहापत्ती, चमचाभर किंवा त्याहून कमी साखर आणि बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढे आले घ्यावे. अंगणात गवती चहा असेल, तर एक पात हाताने तोडून आणावी. हे सर्व आधीच समोर मांडून ठेवावे, कारण मध्येच साखरेचा डबा शोधायला उठावे लागले की लक्ष तुटते.

लहान गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घालून तो चुलीवर किंवा गॅसवर ठेवावा आणि त्यातच ठेचलेले आले टाकावे. आले दुधात नंतर टाकू नये. कच्च्या आल्यातील एक विकर दुधातील प्रथिने तोडते आणि दूध फाटण्याची शक्यता असते, परंतु पाण्यात उकळल्यावर ते निकामी होते. यानंतर काही न करता पाण्याचा आवाज ऐकावा. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. मग तळाशी बारीक बुडबुडे धरतात आणि बारीक सूं-सूं सुरू होते, कारण तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरताच फुटतात. हा आवाज वाढत जातो, आणि सर्व पाणी सारखे तापले की एकाएकी उतरतो. त्यानंतरच खळखळून उकळी येते. आवाज उतरण्याचा तो क्षण पकडणे हा या अभ्यासाचा गाभा आहे. नवशिक्याला तो अनेक दिवस सापडत नाही, कारण आवाज वाढत असतानाच मन कुठेतरी निघून जाते आणि परत येते तेव्हा पाणी उसळत असते. त्याबद्दल खंत करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावे.

चुलीवर चहा करणाऱ्यांना येथे एक वेगळा लाभ मिळतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, भडकन पेटते आणि लवकर बसते. तिला सारखे पुढे सारावे लागते, त्यामुळे कान पाण्याकडे, डोळे जाळाकडे आणि हात सरपणाकडे राहतात. पावसाळ्यात सरपण ओले असले की धूर होतो आणि चित्त त्रासते; त्या दिवशी गॅस असेल तर गॅसच पेटवावा. धुरात डोळे चोळत बसण्यात काही साधना नाही.

उकळी आल्यावर चहापत्ती व साखर घालावी आणि रंग पाण्यात कसा पसरतो ते पाहावे. आपल्याकडे मिळणारी बहुतेक दाणेदार पत्ती १९३० च्या दशकात आसामात विकसित झालेल्या पद्धतीने, म्हणजे पान चिरडून, फाडून आणि गुंडाळून केलेली असते, म्हणून ती रंग व कडकपणा फार लवकर सोडते. दोन मिनिटे मंद आच पुरते. त्यापेक्षा जास्त उकळल्यास तुरटपणा वाढतो आणि तो लपवण्यासाठी साखर वाढवावी लागते. मग दूध घालावे. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना धरून ठेवते, त्यामुळे चव मऊ होते. साखरेऐवजी गूळ वापरायचा असेल, तर गंज खाली उतरवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटू शकते.

दूध घातल्यावर ऊत येईपर्यंत नजर हलवू नये. कडेने साय धरते, मध्ये फुगवटा येतो आणि क्षणात चहा काठापर्यंत चढतो. तेव्हा सांडशीने गंज उचलून तो बसू द्यावा आणि पुन्हा ठेवावा. असे दोनदा करावे. एका क्षणाची चूक येथे लगेच चुलीत सांडते, आणि म्हणून मन येथे आपोआप हजर राहते. डोळे मिटून श्वासावर बसताना ज्यांना झोप येते, त्यांना हा भाग सर्वांत उपयोगी पडेल असे मला वाटते.

चहा गाळून कपबशी घेऊन छपरीत, अंगणात किंवा बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसावे; बंगई मात्र हलवू नये. प्रथम कप दोन्ही हातांत धरून त्याची ऊब तळव्यांत येऊ द्यावी आणि तीन श्वास वाफेसह घ्यावेत. मग चहा बशीत ओतावा. बशीत पसरला की तो लवकर निवतो, आणि ते आरोग्यालाही बरे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने संभाव्य घातक ठरवली आहेत. बशी ओठांना लावून एक लहान भुरका घ्यावा, बशी खाली ठेवावी, घोट गिळावा आणि नाकाने श्वास सोडावा. चहाचा गंध खरा त्या सोडलेल्या श्वासात येतो. आधी गोडी, मग आल्याची झणझणी, शेवटी जिभेच्या कडांना तुरटपणा, असा क्रम प्रत्येक घोटात शोधावा. पुढचा घोट आधीचा पूर्ण विरल्यावरच घ्यावा.

या काळात मन भटकणारच. कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज, मुलीची फी, न आलेला पाऊस, हे सर्व दुसऱ्या-तिसऱ्या घोटालाच समोर येते. त्यांना हाकलू नये आणि त्यांच्यामागेही जाऊ नये. ‘कर्ज आठवले’ एवढी नोंद मनात करून लक्ष बशीच्या उबेकडे आणावे. चहाने कर्ज फिटत नाही, आणि कोणी तसे भासवू नये. पण ज्या प्रश्नाचे आज सकाळी काहीच करता येणार नाही, तो दहा मिनिटे बाजूला ठेवता येतो हा अनुभव शेतकऱ्याच्या आयुष्यात मोलाचा आहे. चिंता इतकी वाढली असेल की झोप व जेवण सुटले आहे किंवा जगणे नकोसे वाटते, तर अशा अभ्यासावर विसंबून राहू नये; घरच्या माणसाला सांगावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही मिळते.

पाहुण्यांच्या चहाला ही शिस्त लावू नये. तो चहा बोलण्यासाठीच असतो आणि त्यात मौन धरणे हा त्यांचा अवमान ठरतो. वेचणीच्या दिवसांत वावरात किटलीतून येणारा चहाही गप्पांचाच असतो. तेथे फार तर पहिला घोट लक्ष देऊन घ्यावा, आणि वेचणाऱ्या बायांना त्यांचा चहा सावलीत, निवांत बसून पिता येईल एवढा वेळ वावराच्या मालकाने द्यावा.

चहा आणि जेवण यांत किमान तासाभराचे अंतर असावे, कारण चहातील द्रव्ये डाळ व पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतात. रक्त कमी असलेल्या बायांनी व गरोदर स्त्रियांनी हे कटाक्षाने पाळावे. कॅफीनचा अंमल कित्येक तास राहतो, म्हणून संध्याकाळी दुसरी बैठक करायची झाल्यास चहापत्ती टाकू नये. गवती चहा आणि आले पाण्यात उकळून, थोडा गूळ घालून घ्यावे. डॉक्टरांनी चहा बंद केला असेल त्यांनीही सकाळी हेच करावे, कारण पाण्याचा आवाज, जाळ, ऊब आणि गंध यांतही सारखेच असतात. वगळायचा फक्त दुधाच्या उताचा भाग.